वशिंड नसलेला बैल

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं, आणि त्या वयात एका बाईनं मला तोंडावर सांगितलं की तुम्हाला दोर टाकता येत नाही. बाई गोरी, माझ्याच वयाची, पायात गमबूट. राग आला. पण मी तेव्हा चिखलात पालथा पडलो होतो आणि बैल दोरासकट मला फरफटत शेताच्या पार कडेला घेऊन गेला होता. त्यामुळं बोलण्यासारखं काही नव्हतं.

लेस्टरच्या आमच्या मंडळातल्या पोरांनी सांगितलं, आबा, दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्याविषयी लिहा. माझी शाळा तिसरीपर्यंत. अक्षर लावता येतं, तेवढ्यावर चाललंय. सून म्हणाली, मी शुद्धलेखन बघून देते. बघ म्हटलं, पण वाक्याला हात लावायचा नाही.

धंदा काय ते आधी सांगतो, कारण हा अंक वाचणाऱ्यांतल्या निम्म्यांनी बैल फक्त पोळ्याच्या फोटोत बघितला असेल. बैल गाडीला जुंपला, डांबरी रस्त्यावर चालला की त्याचे खूर झिजतात. म्हणून खुराला लोखंडी पत्र्या ठोकायच्या. घोडा उभ्या उभ्या पाय देतो, बैल देत नाही. त्याला आधी आडवा करावा लागतो. पत्र्या ठोकणं हे अर्धं काम. बैलाला न दुखवता जमिनीवर झोपवणं हे दुसरं अर्धं, आणि ते माझं. आमच्या भागात हंगामात साखर कारखान्याच्या तळावर उसाच्या गाड्या लागायच्या, तिथं मी बैल पाडायचो. हंगाम संपला की बाजार आणि जत्रा.

लोकांना वाटतं बैल ताकदीनं पाडतात. तसं असतं तर पैलवान ठेवले असते, मला कशाला बोलावलं असतं? दोर असा घालायचा. शिंगांच्या मुळाशी पहिला वेढा. तिथून दोर पाठीवरनं वशिंडाच्या मागं आणायचा आणि छातीखालनं फिरवायचा. मग मागच्या पायांच्या पुढं, पोटाखालनं आणखी एक वेढा. आणि राहिलेलं टोक शेपटीच्या दिशेनं सरळ, सावकाश ओढायचं. झटका द्यायचा नाही. वेढे आवळत जातात आणि बैलाला आपोआप वाटतं, आता बसावं. तो पडत नाही, बसतो. मग कुशीवर कलंडतो. हात चांगला असला तर धूळसुद्धा उडत नाही. यात शिंगं म्हणजे खुंटी, आणि वशिंड म्हणजे उंबरठा. खुंटी दोर धरते, उंबरठा घसरू देत नाही.

मला हे शिकवलं हसनभाई नालबंदांनी. मी त्यांना वस्ताद म्हणायचो. मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं मला. त्यांनी एक बाभळीचा ओंडका आणला, त्याला दोन खुंट्या मारल्या, ती शिंगं. वर भुश्शाचं गाठोडं बांधलं, ते वशिंड. म्हणाले, पाड ह्याला. अख्खा हंगाम मी त्या ओंडक्यालाच दोर घालत होतो. एक दिवस वैतागून म्हटलं, "वस्ताद, हा आधीच आडवा पडलाय की."

"म्हणूनच तुला दिलाय," वस्ताद म्हणाले. "उभा असता तर तुझ्यानं जमला असता का?"

मग एक दिवस त्यांनी मलाच पाडलं. माझ्याच अंगाला दोर घातला, ओढला, मी मातीत. गाडीवान फिदीफिदी हसायला लागले. वस्ताद हसले नाहीत. वाकून विचारलं, "कुठं टोचलं?"

"काखेत."

"बैलालापण तिथंच टोचतं. तो बोलत नाही एवढंच." आणि म्हणाले, जी गाठ आपल्या अंगावर घेतली नाही, ती जनावराच्या अंगावर घालायची नाही. त्यानंतर प्रत्येक नवी गाठ मी आधी स्वतःवर घेतली.

आणखी एक त्यांची शिस्त होती. दोर दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायचा. काल ज्या बैलाला पाडलं त्याचं भ्या दोरात राहतं, ते आजच्या बैलाच्या नाकात जाऊ द्यायचं नाही. ताप असो, लग्नकार्य असो, दोर धुवायचाच. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडावर बसून दोर धूत होतो. बायको दारातनं बघत होती. पुढं आयुष्यभर सांगायची, "मला वाटलं, आईबापानं कुठल्या येड्याच्या गळ्यात बांधली."

गळ्यावरनं आठवलं. ओढायचा दोर गळ्यात घालायचा नाही, हे वस्तादांचं तिसरं बोलणं. गळ्यात दावं असतं, घुंगरमाळ असते, ते वेगळं. पण ज्या दोरावर जोर यायचा तो गळ्यात नाही. "गळ्याला ओढून जनावर नेतात ती वाट निराळी," म्हणायचे. "त्या वाटेला आपण नाही."

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. एक म्हातारा शेतकरी यायचा, काटकुळा, मोठ्या मिशा. मी दोर घालायला लागलो की हा धोतर सावरून बैलाच्या तोंडासमोर स्वतः जमिनीवर आडवा व्हायचा. का तर म्हणे, "त्याला एकट्याला पडायची लाज वाटते." तळावरचे लोक पोट धरून हसायचे. मी नाही हसलो. त्या म्हाताऱ्याचा बैल सगळ्यांत लवकर बसायचा.

असो. पुढं ट्रॅक्टर आले, बैल गेले. बायको गेली. मुलगा विजय म्हणाला, आबा, आता तिकडं एकटं काय करणार, इकडं या. आलो. सामानात दोर आणला. सुती, मऊ, हाताच्या घामानं काळा पडलेला. मुलानं विचारलं, हा कशाला? मी म्हटलं, असू दे.

मुलगा चांगला, सून चांगली. मेघना तिचं नाव, पुण्याची, इथं हॉस्पिटलात काम करते. घरात सगळं आहे. पण चौदा वर्षं हातांना काम नव्हतं. टीव्ही बघता बघता बोटं आपोआप शालीच्या टोकाला गाठी मारायची.

माझ्याकडं म्हाताऱ्यांचा बसपास आहे. सकाळी गर्दी ओसरली की मी बसमध्ये बसतो आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत जातो. अशाच एका खेड्याच्या स्टॉपला उतरलो, कुंपणाकडेनं चाललो होतो, तर वास आला. शेणाचा नव्हे, शेणाचा वास इथंही शेतात येतो. जनावराच्या अंगाचा वास. उन्हात उभ्या राहिलेल्या बैलाच्या मानेखाली हात घातला की येतो तो. मी जागेवर थांबलो. चौदा वर्षांनी आला होता.

कुंपणापलीकडं एक बैल चरत होता. तांबडा, तोंड पांढरं. शिंगं नाहीत. पाठ सपाट, त्याच्यावर जेवायला बसावं अशी. वशिंड नाहीच. मला आधी वाटलं, बिचाऱ्याला काही झालंय. मग कळलं, इकडं सगळ्यांचं असंच असतं.

मी तिथंच उभा राहिलो. बऱ्याच वेळानं गमबूट घातलेली बाई आली. तिला वाटलं मी कुंपणावरची ब्लॅकबेरी तोडतोय. मी म्हटलं, "नो बेरी. बुलक." छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "माय जॉब. इंडिया." आणि हवेत दोर ओढून दाखवला. तिनं माझ्याकडं बघितलं, बैलाकडं बघितलं आणि फाटक उघडलं.

तिचं नाव जोन. माझं इंग्रजी बाजारापुरतं, तिचं मराठी शून्य. पण जनावराच्या दोन अंगांना दोन माणसं उभी असली की फार बोलावं लागत नाही. जे बोललो ते मी इथं मराठीत लिहितो. बैलाचं नाव टोबी. त्याची आई वारली तेव्हा जोनच्या नवऱ्यानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. इकडं बैल खायलाच पाळतात, पण ह्याला कसायाकडं द्यायचं नवऱ्याच्यानं झालं नाही. नवरा गेला, गुरं विकली, राहिला टोबी आणि एक म्हातारी गाय. मी आठवड्यातनं दोनदा जायला लागलो. टोबीला ब्रश करायचो. हात पाठीवरनं पुढं सरकला की दर वेळी वशिंडाच्या जागी थबकायचा, तिथं काही नसायचं.

शरदात टोबी लंगडायला लागला. मागच्या पायाची नखी वाढून आत वळली होती, टेकलं की टोचायची. आणि त्याच वेळी जोननं सांगितलं की ती शेत सोडून चालली. गुडघे गेलेत, मुलगी साउथहॅम्प्टनला असते, तिच्याकडं जाणार. गाय आणि टोबी वेल्समध्ये तिच्या भाचीच्या शेतावर पाठवायचे होते. लॉरी ठरली होती.

पण लंगडं जनावर लॉरीत चढवता येत नाही, इथला कायदा आहे. व्हेट म्हणजे गुरांची डॉक्टर, ती येऊन स्पष्ट बोलली. टोबी चारही पायांवर नीट चालला तरच जाईल. नाहीतर त्याला इथंच इंजेक्शन देऊन संपवावं लागेल, कारण मागं त्याला सांभाळायला कुणी नाही. नखी कापायला इकडं लोखंडी पिंजरा असतो, जनावर त्यात उभं करतात. टोबी लहानपणी त्यात अडकून जखमी झाला होता. पिंजरा दिसला की तो फाटकसुद्धा ओलांडायचा नाही. भूल द्यावी तर त्याचं काळीज म्हातारं. डॉक्टर म्हणाली, भूल दिली तर कदाचित उठणारच नाही.

जोन बादली उचलून निघून गेली.

मला वाटलं, ह्यात काय अवघड! पुढच्या खेपेला दोर घेऊन गेलो. जोनला म्हटलं, तू फक्त बघ. शिंगं नव्हती म्हणून तोंडावरच्या दोरीच्या म्होरकीला वेढा दिला. पाठीवरनं आणला, छातीखालनं घेतला, पोटाखालनं घेतला, ओढला. वेढा सपाट पाठीवरनं सरकत मागं आला, सैल झाला. टोबीला वाटलं खेळतोय. तो चालायला लागला. मी सोडलं नाही. सोडायची सवयच नाही मला. पुढचं वर लिहिलंय.

"तुम्हाला येत नाही," जोन म्हणाली. हसून नव्हे, साधं सांगितल्यासारखं. मग तिनं दोर घेतला, आणि तिचे वडील कसे करायचे ते दाखवलं. बाकी सगळं आमच्यासारखंच. फक्त पहिला वेढा गळ्यात.

मी मान हलवली. गळ्यात नाही. तिनं पुन्हा दाखवलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिनं मोठ्यानं सांगितलं. मीही मोठ्यानं नाही म्हटलं. चहा न घेता बस पकडली.

घरी अंगावरचा चिखल बघून मेघना म्हणाली, "आबा, फॉल झाला का? डोकं आपटलं का? माझ्याकडे बघा जरा."

"मी नाही पडलो. बैलानं पाडलं."

"ओके, ते जास्त वाईट आहे," ती म्हणाली.

चार दिवस मी कुठं गेलो नाही. पण डोक्यात एकच. माझ्या हट्टापायी टोबीला इंजेक्शन मिळणार. मग विचार आला की वस्तादांनी बिनशिंगाचा, बिनवशिंडाचा बैल जन्मात बघितला नव्हता. त्यांनी काय सांगितलं ते बघितलेल्या बैलाला धरून सांगितलं. हा त्यांच्या पुढं आला असता तर? त्यांनी आधी शिव्या दिल्या असत्या, मग बिडी पेटवली असती, मग म्हणाले असते, दाखव बाई कसं ते.

गेलो. जोनला म्हटलं, "दाखव."

तिची गाठ वेगळीच निघाली. आमच्या दोनच गाठी. सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटते. निरगाठ, सुटता सुटत नाही. फास वेगळा, तो आवळत जातो. तिची गाठ आवळतही नव्हती आणि आपोआप सुटतही नव्हती. तेवढीच राहायची. जनावरानं जोर केला तरी गळा दाबला जात नाही, आणि काम झालं की अंगठ्यानं ढकलली, सुटली. ती शिकवताना म्हणायची, हा ससा. बिळातनं वर येतो, झाडाला वळसा घालतो, परत बिळात जातो. दोराचं टोक म्हणजे ससा. तिच्या हातात ससा सरळ बिळात जायचा. माझा ससा झाडाभोवती फिरून फासात अडकायचा. हातांना जुनी सवय. जोन माझ्या बोटांवर चापट मारायची. "हा फास झाला. परत."

बहात्तराव्या वर्षी चापट! पण खाल्ली.

घरी मागच्या गार्डनमध्ये कचऱ्याची चाकांची बिन आहे, कौन्सिलनं दिलेली, कमरेएवढी. तिला टोबी केला. रोज सकाळी तिच्या गळ्यात गाठ घालायची, ओढायची, सोडायची. शेजारचे गृहस्थ कुंपणावरनं म्हणाले, कोणी चोरतं का आमच्या गल्लीत बिन? मी म्हटलं, प्रॅक्टिस. ते म्हणाले, व्हेरी गुड.

एके दिवशी ससा बिळात गेला. पुन्हा गेला. पुन्हा. हाताला कळलं. मग राहिलं ते वस्तादांचं. आधी आपल्या अंगावर.

मी वेढा माझ्या गळ्यात घातला, गाठ मारली, टोक हातात धरून ओढून बघायला लागलो. आवळत नव्हती. झकास! तोंडानं चालू होतं, "ससा बिळात... ससा बिळात..." आणि नेमकी त्याच वेळी मेघना कामावरनं लवकर घरी आली.

तिच्या हातातली पिशवी पडली. "आबा! काय करताय! सोडा, आधी ते सोडा!"

"अगं थांब, आवळत नाही बघ," मी म्हटलं, आणि पटावं म्हणून आणखी जोरात ओढून दाखवलं.

ती किंचाळली. शेजारचे गृहस्थ कुंपणावर आले. मेघनानं माझ्या हातातला दोर हिसकावला, मला घरात नेऊन सोफ्यावर बसवलं आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. सोडायलाच तयार नव्हती. मला तेव्हा कळलं तिला काय वाटलं ते.

"पोरी, मी गाठ तपासत होतो. बैलासाठी."

"कुठला बैल? आणि ससा? ससा कुठून आला?"

संध्याकाळी विजय आला. दोर त्यानं गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं. मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. आवाज अगदी हळू केला, हॉस्पिटलात करतात तसा.

"आबा, तुम्हाला इथं एकटं वाटतं का?"

चौदा वर्षांत पोरानं पहिल्यांदा विचारलं. मी सांगणार होतो की तसं काही नाही, टोबी म्हणून एक बैल आहे, त्याची नखी वाढलीय. तोंडातनं निघालं, "वाटतं."

मेघनानं चहा आणला आणि मी टोबीचं पहिल्यापासनं सांगितलं. कुंपण, वास, लॉरी, इंजेक्शन. जोनच्या चापट्या सांगितल्या तेव्हा विजयला हसू आलं. म्हणाला, "आबा, तुम्ही आईचं कधी ऐकलं नाहीत, आणि त्या बाईकडून मार खाता?"

मेघना म्हणाली, "मी येते तुमच्याबरोबर. मला तो टोबी बघायचाय. आणि विजय, त्यांचा दोर दे त्यांना."

ठरल्या दिवशी जोन होती, डॉक्टर होती, मेघना होती. गवताची जाड गादी केली होती. टोबीच्या गळ्यात मी वेढा घातला. ससा वर आला, झाडाला वळसा, बिळात. जोननं गाठ ओढून बघितली आणि मान डोलावली. छातीखालनं एक, पोटाखालनं एक. मी मागं गेलो आणि ओढायला लागलो.

टोबी बसेना. वेढे बरोबर बसले होते, दोर घसरत नव्हता, पण तो पाय रोवून उभा. अंग थरथरत होतं. डोळे मोठे. आणखी ओढलं असतं तर पडला असता, बसला नसता, आणि त्या म्हाताऱ्या काळजाला तेच नको होतं. डॉक्टर म्हणाली, फार वेळ नको. माझ्या हातातला जोरही संपत आला होता.

मला तो धोतरवाला म्हातारा आठवला.

"जोन," मी ओरडलो. "यू. डाउन. हिअर, हिज फेस." तिला कळेना. मेघनाला मराठीत सांगितलं, "त्याच्या तोंडासमोर आडवी हो म्हणावं. त्याला एकट्याला लाज वाटतेय."

मेघनानं माझ्याकडं बघितलं. मग इंग्रजीत सांगितलं. जोन क्षणभर उभी राहिली. मग गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, आधी बसली, मग गवतावर कुशीवर आडवी झाली. टोबीकडं तोंड करून. त्याला काहीतरी बोलत होती, लहान पोराशी बोलतात तसं. टोबीनं मान खाली घातली. तिचे केस हुंगले.

आणि दोरात मला ते आलं. चौदा वर्षांपूर्वी शेवटचं आलं होतं. ओझं हलकं होत नाही, उलट जड होतं, पण ते जडपण आपल्याविरुद्ध नसतं. बैल आपल्या हातात बसायला लागतो. टोबीचे पुढचे गुडघे वाकले, मग मागचं अंग, मग तो जोनच्या शेजारी कलंडला. गवतसुद्धा फारसं उडालं नाही.

मी पळत जाऊन मानेवर हात ठेवला. डॉक्टरनं नखी कापली, आतलं सडलेलं साफ केलं. टोबीनं एकदाच सुस्कारा टाकला. मग मी अंगठ्यानं गाठ ढकलली आणि सगळा दोर मोकळा झाला. तो उठला. चार पावलं चालला. लंगडा होता, पण पाय टेकत होता. जोन अजून गवतातच होती. म्हणाली, "आता मला कोण उठवणार?" मेघनानं आणि मी उठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोर धुतला. लॉरीत चढवताना टोबीला धरायला तोच लागणार होता, आणि त्याचं कालचं भ्या त्यालाच परत हुंगायला द्यायचं नव्हतं. मेघना म्हणाली, "मशीनमध्ये टाकू का, कोल्ड वॉशला?" मी म्हटलं, दोर हातानं धुतात. तिनं तो तिच्या हॉस्पिटलच्या कपड्यांशेजारी तारेवर चिमटे लावून वाळत घातला.

पाय सुधारला. डॉक्टरनं चालवून बघितलं आणि हो म्हटलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. तरी हो म्हटल्यावर मी ब्रश घेतला आणि टोबीची पाठ उगाचच पुन्हा घासली.

लॉरी आली. गाय आधी चढली. टोबीला मी नेलं. लाकडी चढाव होता. तो खाली थांबला, फळी हुंगली. मी ओढलं नाही, दोर सैल धरून शेजारी उभा राहिलो. मग तो आपल्या पायांनी वर गेला आणि मी त्याच्याबरोबर गेलो. आत अंधार होता, गवत होतं, गाय होती. मी त्याच्या मानेखाली हात घातला. मग अंगठ्यानं गाठ ढकलली, दोर काढला आणि खाली आलो. ड्रायव्हरनं फळी वर घेतली.

जोन आणि मी फाटकात उभे होतो. लॉरी वळणावर दिसेनाशी झाल्यावर ती म्हणाली, "सोमवारी मी पण जाते."

"मुलीकडं," मी म्हटलं.

"मुलीकडं." मग फाटकाची कडी लावत म्हणाली, "कसं असतं ते?"

मला इंग्रजीत सांगता येईना. मराठीतही आलं असतं असं नाही. मी म्हटलं, "गुड टी." ती हसली. ह्या वेळी चहा घेऊन बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, मागच्या दारी गेलो, नळाखाली बादली लावली आणि नळ सोडला. दोर हातात घेतला. पिळात तांबडे केस अडकले होते. नाकाशी धरला.

आतनं मेघनाची हाक आली, "आबा, बादली भरून वाहतेय!"

मी नळ बंद केला. बादली गुलाबाच्या बुंध्याशी ओतली. दोर कोरडाच गुंडाळला, घरात आणला आणि माझ्या उशाखाली ठेवला.